सरांनी शिकवलेलं हाइंडसाइट

सोमवारी सकाळी मी नववीच्या वर्गावर हजेरी घेत होते, तेव्हा टेबलावरचा फोन थरथरला. रिठदहून, माझ्या शाळेतल्या इंगोले सरांच्या पुतण्याचा होता. ‘ताई, काका गेले. चहा पेता पेता गेले,’ एवढंच म्हणाला आणि रडायला लागला... मी फोन ठेवला आणि हजेरी पूर्ण केली. कशी केली ते अजूनही सांगता येत नाही. आदल्याच दिवशी दुपारी सर वाशीमला माझ्या घरी येऊन गेले होते. त्यांना बसमध्ये बसवून मी परतले, त्याला चोवीस तासही झाले नव्हते.

इंगोले सरांनी उभी नोकरी रिठदच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात काढली. सकाळी भेंडी तोडायची, मग आंघोळ करून शाळेत यायचं. खडू धरलेल्या बोटांवर भेंडीची खाज असायची, म्हणून शिकवताना सारखा हात चोळायचे. इंग्रजीचा तास चालायचा मात्र अस्सल वऱ्हाडीत. त्यांचा एकच हट्ट होता. नवीन शब्द शिकवला की त्याचं वाक्य दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरातून किंवा शेता-वावरातून आणायचं. गाईडमधलं वाक्य आणलं की त्यांचा पारा चढे. ‘हा जॉन कोण होय बे? तुया वावरात निंदाले येते का थो?’ वर्ग खो खो हसायचा आणि ज्याचं वाक्य असे त्याचे कान लाल व्हायचे. कौतुक करण्यात सर भारी कंजूष. ‘ठीक’ एवढं लिहिलं तरी आम्ही वही घरी दाखवायचो.

‘हाइंडसाइट’ हा शब्द त्यांनी वर्गात शिकवलाच नाही. सोयाबीन वीतभर वर आलं होतं, तेव्हा सगळा वर्ग स्वतःच्या वावराच्या बांधावर नेऊन उभा केला. मधली चार-पाच तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, चक्क वाकडी, एका बाजूला सरकत गेलेली. ‘हे कोणं पेरलं?’ त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच सांगितलं, ‘म्या पेरलं. तिफण धरली तवा मले सरळच वाटे. उगवल्यावर दिसलं. मागून जे दिसते नं, त्याले म्हणतात हाइंडसाइट.’ मग वापर सांगितला. ‘इन हाइंडसाइट’ वाक्याच्या सुरुवातीला घ्यायचं, पुढे स्वल्पविराम द्यायचा आणि त्याच्यापुढे आपली चूक लिहायची. दुसऱ्याची नाही.

मी लिहून नेलं होतं की, मागे वळून पाहता वडिलांनी मोठ्या बहिणीची शाळा सोडवायला नको होती. वाक्य इंग्रजीत एकदम शुद्ध होतं, माझी मान ताठ होती. सरांनी त्यावर आडवी रेघ मारली. ‘बापाचं वाक्य बापाले लिहू दे. तुयं काय चुकलं, थे लिही.’ चौदा वर्षांच्या पोरीचं काय चुकलेलं असणार? मी फणफणत कोरी वही दिली. त्यांनी समासात ‘घाई नाही’ लिहून ती परत केली. त्या एका रेघेचा राग मी कित्येक वर्षं धरून होते, हेही आज कबूल करते.

पुढे मीच इंग्रजीची शिक्षिका झाले. बी-बियाणं, फवारणीचं औषध आणायला सर वाशीमला आले की माझ्याकडे चहाला यायचे, तपासणीला आल्यासारखे. ‘काय शिकवून राह्यली सध्या?’ विचारायचे, आणि मी सांगितलेली उदाहरणं अजूनही नापास करायचे.

त्या रविवारी आले तेव्हा घामाघूम होते. डावा खांदा दाबत बसले. ‘काल पंप घेऊन फवारणी केली, पट्टा रुतला वाटते,’ म्हणाले. आमच्याकडे खांदा दुखला की दोष फवारणीच्या पंपाला द्यायचा, हे ठरलेलंच. मीही तोच दिला. मलम लावलं, सोडा पाजला. अर्धा चहा त्यांनी तसाच ठेवला आणि म्हणाले, ‘एखाद्या डॉक्टरले दाखवून टाकू का वं?’ मी घड्याळ पाहिलं. माझ्याकडे पाहुणे यायचे होते. ‘आज रविवार आहे सर, कोणी भेटणार नाही. परवा या, मी नेते,’ म्हटलं... सरकारी दवाखाना रविवारीही उघडा असतो. माझ्या घरापासून ऑटोनं दहा मिनिटं.

तेरवीला रिठदला गेले. सरांची बायको, आमच्या काकू, माझा हात धरून चार बायांना सांगत होत्या, ‘हे शोभा. इनंच त्याईले दवाखान्यात नेलं होतं. आपुन होऊन नेलं.’ मला काही समजेना. मग त्यांच्याच बोलण्यातून उलगडलं. त्या रविवारी संध्याकाळी सर घरी गेल्यावर काकूंनी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, ‘शोभानं दाखवलं डॉक्टरले. गॅस म्हणे.’ काकूंचा घोर मिटावा म्हणून बोलले असतील.  चार बायांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं आणि ती माया मी घेतली.

दीड महिन्यानं पुन्हा गेले. काकू ओसरीवर सरांच्या खाटेवर बसल्या होत्या. मांडीवर त्या रविवारचा सदरा होता, न धुतलेला. ‘शोभा, डॉक्टरची चिठ्ठी तुयापाशी राह्यली का वं?’ त्यांनी विचारलं. ‘पिशवीत पाह्यलं, खिशात पाह्यलं. हे नुसतं बसचं तिकीट हाय.’ तिकीट मला दाखवून त्यांनी परत खिशात ठेवलं. ‘त्याईनं गोळ्या आणल्या असतीन, अन् म्या देल्या नसतीन. रोज थेच डोक्यात येते.’

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. चिठ्ठी नव्हती, गोळ्या नव्हत्या, सरांना कोणी तपासलंच नव्हतं... त्यांनी विचारलं होतं आणि मी नेलं नाही, हे सगळं मी सांगून टाकलं. मला वाटलं, काकू मला घालवून देतील. बोलतील तरी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘मंग थे मायाशी खोटं बोलले?’ त्या म्हणाल्या. ‘आखरीच्या दिवशी?’

 काकू उठल्या, न्हाणीत गेल्या आणि तो सदरा त्यांनी पाण्याच्या बादलीत बुडवला. खिशातलं तिकीट काढायचं राहिलं होतं. ओल्या कापडातून मला ते दिसत होतं, आणि मी दारातच उभी राहिले.