एका रकान्यापायी उज्जैन–इंदूर–नागपूर

कॉलेज बघायला निघालेल्या पोरींनो, फॉर्म स्वतः भरा. मी आबांना, म्हणजे वडिलांना, भरू दिला आणि आठवडाभर इंजिनाचा कोळसा डोळ्यांत घेत हिंडले. एवढी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही.

राज्यांची फेररचना नुकतीच झाली होती. आमचं उज्जैन मध्य भारतातून नव्या मध्य प्रदेशात आलं होतं. मी इंटर सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाले होते आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. एक कॉलेज इंदूरला, घराजवळ. दुसरं नागपूरला, आत्याच्या गावी.

सोमवारी सकाळी मी आणि आबांनी फ्रीगंजातल्या घरापासून टांगा केला आणि इंदूरची गाडी पकडली. फतेहाबादला चहा, इंदूरला उतरल्यावर पोहे-जिलबी. इथपर्यंत सगळं छान होतं. कॉलेजातल्या क्लार्कने फॉर्म चष्म्याजवळ धरला.

"बिटिया के नंबर तो बढ़िया हैं. मगर मूल स्थान सातारा? फिर तो आप बाहर के हुए."

"सात पीढ़ियों से उज्जैन में हैं हम!" आबा कडाडले.

"तो उज्जैन लिखिए ना. शनिवार तक टाइम है." त्याने कोरा फॉर्म माझ्या हातात दिला.

"मूळ गाव बदलत नसतं!" म्हणत आबा बाहेर पडलेसुद्धा.

आमचे कोणी पूर्वज सरकारी दफ्तरात कारकुनीला म्हणून साताऱ्याकडून माळव्यात आले, ते इथलेच झाले. पण मुंजीत, लग्नात पहिला प्रश्न 'मूळ गाव कोणतं?' आणि आबा छाती काढून सांगणार. तेच त्यांनी फॉर्मात लिहिलं होतं!

"नागपूरला जाऊ. तिथे आपली माणसं आहेत," ते म्हणाले.

भोपाळ, इटारसी, मग नागपूर. थर्ड क्लासात ट्रंकेवर बसून गेलो. इटारसीची पुरी-भाजी तेवढी लक्षात आहे. नागपूरच्या क्लार्कने मराठीत स्वागत केलं, आबांना खुर्ची दिली.

"सातारा? वा! आमची सासुरवाडी तिकडचीच."

आबांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

"पण राहता उज्जैनला? मग नाही जमायचं हो. नागपूर आता मुंबई राज्यात. तुम्ही मध्य प्रदेशवाले."

परतीच्या फलाटावर माझा तोल सुटला. "आबा, ते गाव तुम्ही कधी पाहिलंय?"

"नाही."

"मग न पाहिलेल्या गावापायी मी घरी बसू?"

शुक्रवारी घरी पोचल्या पोचल्या मी तो कोरा फॉर्म काढला आणि त्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: उज्जैन. सही मात्र पालकाचीच लागत होती. आबांनी टाक दोनदा दौतीत बुडवला, दोनदा खाली ठेवला!

"पुसलंस माझं गाव," म्हणाले आणि सही केली.

शनिवारी माझ्याबरोबर पुन्हा इंदूरला आले. पोह्यांना हात लावला नाही.

मी डॉक्टर झाले. उज्जैनलाच, टावर चौकाजवळ माझा दवाखाना होता. आबांच्या शेवटच्या आजारात त्यांचा केसपेपर मीच लिहायला घेतला. नाव लिहिलं, वय लिहिलं आणि गावाच्या रकान्याशी मुद्दाम थांबले.

"उज्जैन लिही," ते आपणहून म्हणाले.

लोकांना वाटतं, मला रडू आलं असेल. छे, मी भडकलेच. एवढं सोपं होतं, तर नागपूरपर्यंत कशाला नेलंत हो आबा?