गोठ्यातल्या गाडीचं गिऱ्हाईक

मी संशयी माणूस आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. भोरच्या कॉलेजात प्रयोगशाळेचं सामान सांभाळण्यात माझी नोकरी गेली. काचेच्या नळ्या मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या, आणि एक कमी भरली की सगळ्या वर्गाकडं चोर असल्यासारखं बघायचं. निवृत्त झालो तरी ती नजर काही गेली नाही. बायको म्हणते, तुम्ही आरशात बघतानाही डोळे बारीक करता.

अशा माणसानं जुनी मोटार विकायला काढू नये. पण मला काढावी लागली.

ही मोटार मी सोळा वर्षांपूर्वी भोरमधल्या एका वकिलांच्या परसातून उचलली. इंग्रजांच्या काळातली, चारी चाकं मातीत रुतलेली, आत एरंड उगवलेला. माझ्या दोन खोल्यांत ती मावणार नव्हती. पाली गावात, राजगडाच्या पायथ्याला, माझी थोरली बहीण दिलेली आहे. तिच्या मालकांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, एका शब्दावर अर्धा गोठा रिकामा करून दिला. तेव्हापासून बहुतेक रविवार मी नसरापूरला एसटी बदलून पालीला जायचो आणि संध्याकाळी काळे हात घेऊन परत यायचो.

सोळा वर्षांत काय झालं, तर चेसिस रंगवून झाली. इंजिन पहिल्याच वर्षी पुण्याच्या एका कारागिराकडून नव्यासारखं करून आणलं आणि जागेवर बसवलं, पण टाकी, रेडिएटर, वायरिंग यांतलं काहीच नसल्यामुळे ते कधी सुरू केलं नाही. बॉडीवर तांबडा प्रायमर मारलाय. दारं भिंतीला टेकवून ठेवली आहेत. सीटच्या सांगाड्यात बहिणीची एक कोंबडी नेमानं अंडी घालते.

यंदा माझा उजवा हात थरथरायला लागला. नट धरायला जावं तर तो जमिनीवर. डॉक्टर म्हणाले, हे आता थांबायचं नाही. त्यात भाच्यांनी ठरवलं की दिवाळीनंतर गोठा पाडून ट्रेकवाल्यांसाठी खोल्या काढायच्या. म्हणजे गाडीला जागा नाही आणि मला हात नाही. बायको म्हणाली, सुटी विका, दिवे एकाला, चाकं एकाला, लवकर जाईल. मला ते ऐकवेना. कुणीतरी ती पुरी करावी आणि एकदा तरी रस्त्यावर चालवावी, एवढीच माझी इच्छा होती. सुट्या भागांत गेली असती तर माझे सोळा वर्षांचे रविवारही भंगारात गेले असते.

मग मोबाईलवर जाहिरात टाकली. त्यात एक वाक्य मी अभिमानानं लिहिलं होतं: इंजिन नवं केलेलं आहे, पुढून हँडल घातलं की हलकं फिरतं.

पहिलं गिऱ्हाईक पुण्याहून आलं. पांढरे बूट घालून गोठ्यात शिरलेला माणूस पाहिल्याबरोबर मला तो आवडला नाही. त्यानं बॉनेट उघडायलाही सांगितलं नाही. "गाडीचं राहू द्या हो, तिचं पुस्तक आहे ना? ते आणि चेसिस नंबर बघू." आमचे कागद दुसऱ्याच कुठल्या गाडीला चिकटणार, हे कळायला मला प्रयोगशाळेचीही गरज नव्हती. मी पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. पण जाताना तो अंगणात दाजींशी दोन मिनिटं बोलला, हे मी पाहिलं. काय बोलले असतील? मला न विचारता दलाली ठरली असेल का?

दाजींवरचा हा संशय काही आजचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मला प्लगच्या भोवती ताजं तेल दिसलं होतं. हँडल घालायच्या भोकाजवळचा रंगही खरवडलेला. माझ्या पश्चात कुणीतरी गाडीला हात लावत होतं. नवे प्लग काढून जुने बसवले की काय, म्हणून मी ते चष्मा लावून तपासले. प्लग माझेच होते, तरी माझं समाधान झालं नाही. आता, बहिणीच्या घरी बसून तिच्या मालकाला चोरीचं विचारता येत नाही. आमच्यात ते तोंडातून काढणंच म्हणजे नातं तोडणं. म्हणून मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी येताना साखळी आणि कुलूप आणलं, बॉनेटला घातलं, आणि हँडल पिशवीत टाकून भोरला नेलं; त्यानंतर ते मी स्वतःही कधी घातलं नाही. दाजी समोर वैरण टाकत होते. त्यांनी बघितलं आणि पुढची पेंढी उचलली.

दुसरं गिऱ्हाईक वेल्ह्याचं. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, चाळिशीतला. आल्या आल्या पोतं अंथरून गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यात शेण होतं आणि चेहऱ्यावर हसू. "लई जीव लावलाय तुमी हिला," तो म्हणाला. मला इतकं बरं वाटलं, की मी लगेच सावध झालो.

"इंजान फिरवून बघू का?"

मी कुलूप काढलं आणि हँडल त्याच्या हातात दिलं. त्यानं जोर लावला. हँडल जागचं हललं नाही. त्यानं शर्टाच्या बाह्या सारल्या, पाय रोवले, पुन्हा जोर लावला. मग प्लग काढून मोबाईलच्या उजेडात आत डोकावला. "गंज धरलाय. पिस्टन जाम झाल्यात. किती दिस फिरवलं न्हाई?"

माझं डोकं फिरलं. सोळा वर्षांत जे केलं नव्हतं, ते मी परक्या माणसासमोर केलं. "दाजी," मी म्हणालो, "या इंजिनाला कुणी हात लावला?"

दाजी दारातच उभे होते.

"म्या लावायचो," ते म्हणाले. "दर अमोशेला. त्या दिशी बैल जुपत न्हाई, मोकळाच असायचो. प्लग काढून चमचाभर आईल सोडायचं नि दोन-चार फेरं मारायचं. हिरीवरचं इंजान आमी असंच जपतो. पावसाळ्यात हितं लोखंडाला लई वल धरती." मग साखळीकडं बोट करून म्हणाले, "दोन वर्सं झाली, तुमी साखळी घातली. म्हटलं, पाव्हण्याच्या मनात न्हाई, तर आपुन कशाला हात लावा."

"मग मला सांगायचं तरी!"

"तुमी तरी कुठं इचारलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदा वर्षं ते इंजिन या माणसानं जिवंत ठेवलं होतं, आणि ते चांगल्या कारागिराचं काम म्हणून मी मिरवत होतो. दोन पावसाळे मी त्यांचा हात अडवला, तेवढ्यात इंजिन गंजून जाम झालं. त्या तेलाला बोट लावून नुसतं "हे काय?" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

वेल्ह्याचा माणूस भला निघाला. म्हणाला, डिझेल ओतून ठेवीन, सुटलं तर सुटलं, नाहीतर खोलीन, पण गाडी अख्खी नेईन आणि पुरी करीन. हवी होती ती गोष्ट समोर उभी होती. आता फक्त किंमत ठरायची होती. आमच्याकडं विकणारा स्वतः आकडा बोलत नाही, घरचा एखादा मोठा माणूस मध्ये बसतो. मी दाजींच्या जवळ गेलो. "बोली तुम्हीच करा. तुम्ही म्हणाल तो आकडा मला मान्य."

दाजी माझ्याकडं बघून हसले, पण ते नेहमीचं हसणं नव्हतं. "च्या घ्या, जेवून जावा. घर तुमचंच हाय. पर ह्या येव्हारात मला घिऊ नका, पाव्हणं." आणि खुरपं उचलून ते शेताकडं गेले.

बोली मग मी एकट्यानंच केली. त्यानं सांगितलेल्या पहिल्या आकड्याला मी हो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्यावर शंका न घेता मी व्यवहार केला, आणि ते बघायला दाजी तिथं नव्हते.