एक फळी, तीही एप्रिलात

माझ्या थोरल्या भावाचं नागपूरजवळच्या सिंदीत घरगुती सामानाचं दुकान आहे. फेब्रुवारीत त्याच्या मुलीनं दुकानाची दर्शनी बाजू मागितली. कूलरच्या गवताच्या ताट्यांऐवजी आता जाळीदार कागदी पॅड मिळतात, ते तिला विकायचे होते. भाऊ म्हणाला, "किती लोक घेतील ते सांग. नाई सांगता आलं तर पुण्याची नोकरी घेजो."

तिनं लॅपटॉप उघडला. लोक फोनवर कोणत्या आठवड्यात काय शोधतात, ते त्यात दिसतं म्हणे. बाजारपेठेचा आकार सांगणारे मी भाषणांत पुष्कळ ऐकले आहेत. त्यांचा आकडा नेहमी मोठा असतो आणि ते स्वतः कधी उन्हात उभे नसतात. तशीच करमणूक होईल म्हणून मी खुर्ची ओढली.

"काका, आपल्या गावाचा आकडा भलताच लहान दिसून राह्यला," ती म्हणाली. दोन दिवसांनी कारण सापडलं. "आपल्याकडच्या कितीतरी फोनचा पत्ता त्याच्यात नागपूर पडते." एकही पेटी न भरता अर्धं गाव शहरात राहायला गेलं होतं.

"कधी, ते लॅपटॉप सांगते. किती, ते नाई," म्हणत ती वही घेऊन निघाली. मी छत्री घेऊन मागे. कूलर खिडकीबाहेरच असतात, मोजायला कोणाची परवानगी लागत नाही. तीन गल्ल्यांत, दारोदारी तिचा एकच प्रश्न: ताट्या कधी बदलता?

"वास आला का मंग," एक बाई हसून म्हणाली, आणि पुढच्या दारातही तेच उत्तर. लॅपटॉपही तेच सांगत होता. लोक पॅड शोधतात ते एप्रिलात, कूलर सुरू केल्यावर, कुबट वास सुटल्यावर. भाऊ मात्र ताट्या होळीआधीच पुढे मांडतो आणि खपत नाहीत म्हणून गिऱ्हाइकांवर चिडतो.

"चाळीस घरं घेतील," तिनं दुकानात परतून बापाला सांगितलं. "कदाचित तीसच."

"एवढीच? याच्यासाठी लॅपटॉप?"

"तेवढीच, बाबा. दर्शनी बाजू नको मले. एक फळी द्या, ते बी एप्रिलात."

मोठ्या आकड्याची टिंगल मला जमते. हा एवढासा आकडा मात्र टिंगलीत मावेना. भाऊ मधली फळी पुसू लागला. मग पाठमोराच म्हणाला,

"मच्छरदाणीचं काय म्हणते तुह्या लॅपटॉप?"

"हिंडा लागते, बाबा."

"मंग उद्या जाजो. काकाले नेजो, त्याच्यापाशी छत्री आहे."