सुनेला करंट काहून नाही लागला?

उन्हाळ्यात कुठं कूलर घुरघुरायला लागला की ते प्रकरण अजून माझ्या डोळ्यांपुढं उभं राहतं. मी चौथी पास माणूस. जबलपूरला पोलीस शिपाई म्हणून लागलो आणि एएसआय होऊन निवृत्त झालो, तेही कोणाच्या चिठ्ठीवर नाही. आयुष्यभर रोजनामचा हिंदीत लिहिला, ही हकिकत मात्र आईच्या भाषेत लिहून राहिलो आहे. नावं कोणाचीच घेणार नाही.

तेव्हा मे महिन्यात मदन महलकडच्या मराठी घरांच्या गच्च्या कुरडयांनी पांढऱ्या होऊन जायच्या. गस्तीवर निघालो की एखादी काकू वरूनच हाक मारायची, "दादा, गरम चीक आहे, खाऊन जा!" आम्हीही लाजत नसू. आता सगळे पाकिटं आणतात, हाक कोण मारणार?

त्या दिवशी थान्यात माठातलं पाणी पिऊन बसतच होतो, तर फोन वाजला. बाईचा आवाज होता. "भैया, जल्दी आइए, अर्थी बंध रही है. मेरी माँ को करंट लगा नहीं, लगाया गया है." नाव न सांगताच तिनं फोन ठेवला.

आम्ही पोचलो तेव्हा तिरडी अंगणात होती. आम्हाला पाहून एक बाई पुढं आली. शहरातल्याच कांचघर भागात दिलेली घरची मुलगी.

"हो, मीच फोन केला. वहिनीनंच माझ्या आईला मारलं. काय करायचं ते करा."

आम्ही प्रेत ताब्यात घेतलं, मर्ग कायम केला, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि शवविच्छेदन करवलं. मृत्यू करंटनंच झाला होता. वरच्या खोलीपुढं मोकळी गच्ची होती, तिथं खिडकीला बाहेरून कूलर लावलेला. सासूबाई कुरडया उलटवायला गेल्या आणि त्यांचा हात कूलरला लागला. अपघात की घातपात, एवढाच प्रश्न होता.

सुनेला थान्यात बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसली.

"कूलर कोणी चालू केला?"

"मीच केला साहेब. मामंजी आत झोपले होते, गरमी होत होती."

"आदल्या दिवशी भांडण झालं होतं?"

"झालं. कोणाच्या घरी नाही होत? पण आईंना मी मारीन होय? रोज सकाळी मीच त्या कूलरमध्ये पाणी भरते. त्या दिवशीही भरलं. चालू होता, हात लावूनच भरलं. मला काहीच झालं नाही."

बिचारीनं खरं सांगितलं आणि तेच तिच्या अंगावर आलं. नणंद दारातूनच ओरडली, "ऐका! हिला काहून नाही लागला मग? मधल्या वेळात हिनंच तार काढली असेल!"

थानेदार साहेब म्हणाले, "बात में दम है. शाम तक गिरफ़्तारी डालो."

मी म्हटलं, "सर, एकदा गच्ची पाहून येतो. मग डालतो."

"तुम बहुत ज़िद्दी हो."

"जी सर."

सुनेचा नवरा आणि सासरा, दोघांना घेऊन मी जिना चढलो. कुरडया तशाच पडल्या होत्या, कोणी उचलल्या नव्हत्या. मी गच्चीवर पाय टाकणार, तेवढ्यात म्हातारा मागून खेकसला, "बूट! बूट खाली काढा! कुरडया आहेत ना!" आणि स्वतःच्याच आवाजानं दचकून पायरीवर बसला. "ती असंच ओरडायची हो," म्हणाला आणि रडायला लागला.

मी बूट काढले. कूलर ठिबकत होता, फरशी ओली होती. मी तिथंच थांबलो.

"काका, कुरडया टाकल्यावर इथं चप्पल घालून कोणीच येत नव्हतं?"

"हिंमत कोणाची?"

"आणि सूनबाई पाणी भरते ती?"

"ती सकाळी, कुरडया टाकायच्या आधी. रबरी चप्पल असते तिच्या पायात."

कोडं सुटलं होतं. सुनेच्या पायात रबर होतं, सासूबाई ओल्या फरशीवर अनवाणी होत्या. वीजमिस्त्री बोलावून, कूलर चालू करून टेस्टर लावला, तर पत्रा जिथं शिवावा तिथं टेस्टरचा दिवा लाल. भिंतीवरचं बोर्ड घरात लावायचं, त्याला झाकण नाही, पावसाउन्हात उघडं. कूलरच्या वायरीत तिसरी हिरवी तार, जी पत्र्यात फुटलेला करंट जमिनीत नेते, ती कापून त्यावर काळी टेप गुंडाळलेली. टेप नवी होती.

मी नवऱ्याला विचारलं, "हे कोणी केलं?"

"मिस्त्रीनं."

"कोणत्या? नाव सांग, आत्ता बोलावतो."

तो खाली पाहू लागला.

"अरे बोल ना! बायको थान्यात बसली आहे तुझी."

"मीच लावलं साहेब. बोर्डात दोनच छिद्रं होती, हिरवी तार उगाच लोंबत होती. एकदा आंघोळ करून आलो तेव्हा मला झटका बसला होता. चप्पल घातली की लागत नव्हता, म्हणून सोडून दिलं."

"घरात सांगितलं?"

"नाही."

"आणि काल? आज, बायकोवर आळ आला तेव्हा?"



विद्युत निरीक्षकांच्या तपासणीत तेच निघालं. निष्काळजीपणाचं कलम त्याच्यावर लागलं, त्याला जामीन मिळाला. सुनेवरचा संशय उतरला.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. मेला तो कसा मेला, हे सगळेच विचारतात. वाचला तो कसा वाचला, हेही विचारावं. आणि बाहेरच्या बोर्डाला झाकण हवं, तिसरी तार हवी, करंट फुटला की लाईन तोडणारा स्विच हवा. कूलरला हात लावायच्या आधी प्लग काढावा. झिणझिण लागली तर त्याच दिवशी चारचौघांत बोंब मारावी. हे मी ज्याच्या घरी जेवायला जातो त्याला ऐकवतो. जावई चिडतो, चिडो.

सुनेचा शेवटचा जबाब झाला त्या दुपारी नवरा स्कूटर घेऊन फाटकाशी आला होता. नणंदही आली होती, लांब लिंबाखाली उभी. सून बाहेर आली. नवरा म्हणाला, "चल ना घरी." ती बसली नाही.

नणंद जवळ आली. "वहिनी, मी तुला नाही नाही ते बोलले. तोंडात मार माझ्या."

सून म्हणाली, "तुम्ही बोललात ते तोंडावर बोललात, ताई. तुम्हाला माहीत नव्हतं." मग नवऱ्याकडं पाहून, "यांना माहीत होतं."

नणंदेनं तिच्या हातातली पिशवी घेतली. ई-रिक्षा थांबवून दोघी कांचघरकडं गेल्या. तो स्कूटर धरून तिथंच उभा होता, आणि मी त्याला आत या, बसा, असं म्हटलं नाही.