कोळंबी, माशी आणि वरच्या मजल्यावरचे काका

शारजातल्या अल नहदात राहून, स्वतः कधी मेक्सिकोला न जाता, मराठी पोरांना मेक्सिकन म्हणी शिकवणारा माणूस साऱ्या जगात एकच झाला असेल, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. आठवडाभर काका रास अल खैमातल्या एका सिमेंट कारखान्यात असायचे. गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे आणि शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी बिल्डिंगमधली पाच-सहा पोरं हॉलमधल्या सतरंजीवर बसवून त्यांच्याकडून स्पॅनिश वदवून घ्यायचे. मधल्या वेळात काकूंच्या वाट्याला ते किती यायचे, हे विचारायची आमची हिंमत नव्हती.

हे सगळं सुरू झालं एका फोनमुळे. काकांची मुलगी शिकायला अमेरिकेला गेली, तिथे एका मेक्सिकन मुलाशी लग्न करून त्याच्या गावी जाऊन राहिली. नात, लुसिया, पाच वर्षांची झाली तेव्हा फोनवर पहिल्यांदाच खणखणीत आवाजात म्हणाली, "ओला!" काका म्हणाले, "नाही गं बाळ, इथे सगळं कोरडंच आहे." तिकडे 'ओला' म्हणजे नमस्कार, हे काकूंनी दुसऱ्या फोनवर मुलीला विचारून घेतलं. पुढे महिनाभर बिल्डिंग हसत होती. काका हसले नाहीत. "आजोबा-नातीचं बोलणं हवामानावर संपता कामा नये," एवढंच म्हणाले आणि मुलीकडून लहान मुलांचं एक चित्रांचं पुस्तक मागवून घेतलं. पानागणिक एक म्हण, वर स्पॅनिश, खाली इंग्लिश. व्याकरण या वयात पचत नाही, म्हण पचते, असं त्यांचं मत होतं. आणि एकट्याला पाठ होईना, म्हणून पोरं गोळा केली. शिकणारे मुळात काकाच होते, पोरं सोबतीला.

सिमेंटचा नमुना तपासावा तशी ते प्रत्येक म्हण तोंडात घोळवून बघत. सर्वांत लाडकी होती कोळंबीची. "कामारोन के से दुएर्मे, से लो लेवा ला कोर्रिएंते." झोपलेली कोळंबी प्रवाहाबरोबर वाहून जाते. ही ते कुणालाही ऐकवत. लिफ्टमध्ये डुलकी घेणाऱ्या वॉचमनला त्यांनी ती ऐकवली, तेव्हा तो बिचारा दचकून म्हणाला, "जी साब, अभी ऊपर जा रहा हूँ." पहिल्या मजल्यावरच्या पुणेकर गृहस्थांना मात्र हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "अहो, यांना मराठी म्हणी येत नाहीत, आणि तुम्ही मेक्सिकोच्या शिकवताय?" काका शांतपणे म्हणाले, "मराठीत तुम्ही पोरांच्या पुढे आहात. यात सगळे एका रांगेत आहेत. या, बसा." ते बसले नाहीत, पण पुढच्या शुक्रवारी मुलीला पाठवलं.

आमच्या निखिलने या विद्येचा उपयोग थेट शाळेत केला. वर्गात गडबड चालली होती, मॅडम सगळ्यांवर ओरडत होत्या. हा उठून म्हणाला, "एन बोका सेर्रादा नो एंत्रान मोस्कास," आणि वर इंग्लिशमध्ये अर्थही सांगितला, की मिटलेल्या तोंडात माश्या शिरत नाहीत. मला शाळेत जावं लागलं. घरी येताना हा म्हणतो, "बट मम्मा, इट्स ट्रू!" काकांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "उच्चार बरोबर केला ना?"

अशी दोन वर्षं गेली आणि एका डिसेंबरात लेक-नात शारजाला आल्या. काकांनी रजा काढली, दाढी दोनदा केली. आणि लुसिया बोलेचना. आईच्या ओढणीत तोंड लपवून बसायची. काकांनी माशीची म्हण म्हटली, नात गप्प. पोट भरलं की मन खूश, ही म्हण शिऱ्याच्या वाटीसकट पुढे केली. शिरा गेला, शब्द आला नाही. "ओळखत नाही ना बाबा ती तुम्हाला अजून," मुलगी म्हणाली. काका गॅलरीत जाऊन समोरच्या अर्धवट बांधलेल्या टॉवरकडे बघत उभे राहिले. जेवायला दोनदा हाक मारावी लागली, असं काकू सांगत होत्या.

शुक्रवारी पोरं नेहमीप्रमाणे जमली. काकांनी पडेल आवाजात कोळंबी सुरू केली, पोरांनी एका सुरात ओढली, "से लो लेवा..." आणि ओढणीमागून कुणीतरी खुदकन हसलं. लुसिया बाहेर आली, आजोबांसमोर उभी राहिली आणि बोट नाचवत म्हणाली, "नो! येवा! येवा!" स्पॅनिशमध्ये 'लेवा'तल्यासारखे दोन एल एकत्र आले की 'य' होतो, हे दोन वर्षांत काकांना कुणी सांगितलंच नव्हतं. आपली चूक सापडल्यावर इतका खूश झालेला माणूस मी पाहिलेला नाही. त्या दिवशी निखिल सर्दीने घरीच होता. बेल वाजली, दार उघडते तर नातीचा हात धरून काका. "येवा!" ते ओरडले. माझं माहेर सावंतवाडीचं. मी म्हटलं, "तुमीच येवा काका, च्या घेवा." त्यांना कळेना आपण कुठल्या देशात आहोत. लुसिया मात्र आत येऊन बसलीसुद्धा.

मग पंधरा दिवस तिची बडबड थांबली नाही. परत जायच्या दिवशी आमच्या गाडीतून सगळे दुबई विमानतळावर गेलो. सामान गेलं, आणि आत जायच्या रांगेत लुसियाने आजोबांचा सदरा ओढून काहीतरी विचारलं. मुलगी म्हणाली, "बाबा, ती म्हणतेय, या सगळ्या म्हणी तर आमच्या. तुमची कुठली?"

दोन वर्षं परक्या म्हणी घोकून घोकून घरची एकही काकांच्या जिभेवर येईना. "अहो, म्हणा की काहीतरी," काकू म्हणाल्या, "रांग पुढे सरकतेय."

"आधी पोटोबा, मग विठोबा," काका घाईघाईने म्हणाले.

"आदी पोतोबा, मग बितोबा," लुसिया म्हणाली. तिला ते भलतंच आवडलं. आईचा हात धरून, एका पायावर उड्या मारत, ती तेच म्हणत आत गेली. काचेपलीकडे तिचे ओठ हलताना दिसत होते, तोवर काका जागचे हलले नाहीत.

परतताना शारजाचा ट्रॅफिक लागला तेव्हा काकू म्हणाल्या, "विठोबाचं नाव तरी धड शिकवायचं होतंत. बितोबा म्हणत गेली पोर."

काका खिडकीबाहेर बघत होते.

"असू दे गं," ते म्हणाले. "तिकडे त्याला तसंच म्हणत असतील."