कात्रजच्या मशीनवर चालतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — आणि मी न सांगितलेली गोष्ट म्हणजे ओळखीच्यांना नवलच वाटेल. मी तोंडाचा सैल. कात्रजच्या घाटात एक बिबट्या दिसला, तर घरी पोचेपर्यंत त्याचे तीन होतात. आज मात्र एकाचा एकच सांगायचा आहे. जमेल का? बघू.

आमचा एक मोठा, सर्वांना खुला कंपायलर प्रकल्प आहे — कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा दुभाषी. भोवती लायब्रऱ्यांचं, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यांचं, खटलं. नोकरी सांभाळून माणसं तो फुकट चालवतात. सगळ्यांची बांधणी, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करणं, एकाच सामायिक बिल्ड टूलने होते — सोसायटीच्या टाकीसारखं. टाकीत पडलं ते प्रत्येक नळाला येणार. म्हणून रीत अशी, की टूलची आवृत्ती बदलण्याआधी ज्याने त्याने आपल्या मशीनवर सगळं बांधून पाहायचं आणि मेलवर एक शब्द लिहायचा — 'चालतं'. त्या शब्दाला कुणी पुरावा मागत नाही.

टूल सुहासराव सांभाळायचे. राहणं शनिवार पेठेतलं, जीभही तिथलीच. एकदा प्रकल्पातली आम्ही पुण्याची मंडळी जेवायला जमलो होतो. मी रंगात येऊन माझ्याच कोडचं कौतुक सांगत होतो, तर हे ताटातून मान वर न काढता म्हणाले, "अहो, आपल्या गप्पा फार छान चालतात. कोडही चालला असता तर?"

सगळं पुणं हसलं. बरं — सात-आठ जण. मी? मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. आणि तिथेच, हात सुकायच्या आत, ठरवलं.

पुढे सुहासरावांनी टूलची नवी आवृत्ती आणायला घेतली. वर्षानुवर्षं अडलेलं काम. एकेका लायब्ररीवाल्याच्या नाकदुऱ्या काढून त्यांनी ते तडीला नेलं होतं. राहिली होती फक्त एका जुन्या, दुर्मीळ जातीच्या प्रोसेसरवरची खात्री. तसलं मशीन आमच्यात एकाकडेच — माझ्याकडे, कात्रजच्या घरी पलंगाखाली. चालू केलं की शेजारच्यांना विमान उतरल्यासारखं वाटतं.

मी बांधून पाहिलं. मन लावून पाहिलं, हो. बांधणी अर्ध्यात कोसळली. कुठली ओळ चुकली तेही दिसलं — एका ओळीचीच दुरुस्ती. मी चहा केला, प्यायलो, आणि लिहिलं — 'चालतं'.

मग काय व्हायचं ते झालं. आवृत्ती बाहेर पडली, वापरणाऱ्यांकडे जिथे जिथे तसली जुनी मशीनं होती तिथे तिथे बांधण्या कोसळल्या, आणि मेलवर लोक सुहासरावांवर तुटून पडले. त्यांचा फोन आला. "अहो, तुम्ही पाहिलं होतंत ना?"

"पाहिलं होतं की. आपण नंतर काही बदललंत का?"

पलीकडे बराच वेळ शांतता. माझ्यावर शंका घ्यायचं त्यांना सुचलं नाही — ते स्वतःवरच घेत होते. मेलवर त्यांनी एवढंच लिहिलं — 'चूक माझी'. नवी आवृत्ती मागे घेतली गेली. त्यांनी टूल सोडलं, प्रकल्पही सोडला.

आता टूल माझ्याकडे आहे. आवृत्ती तीच जुनी. नवीचं नाव काढलं की लोक दचकतात. ती चुकलेली ओळ मी अजून कुणाला दाखवलेली नाही.

वाईट वाटतं का? इथे तसं लिहायला जागा ठेवली होती. पण एकाचा एकच सांगायचं ठरलं आहे ना — फोनवरची त्यांची ती शांतता मला अजून आठवते. श्रीखंडाचं बोट चाटावं, तशी आठवते.