बदामाची सत्ती आणि डबल तार

एस. वाय.ला असताना मी एक पत्ता गायब करायला शिकले. तोपर्यंत कॉलेजात माझा आवाज फक्त हजेरीला निघायचा. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. तिथं कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं हे मला सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून मी गप्पच बसायचे.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात स्टेजच्या बाजूला चार टेबलं मांडणार होते. पाहुण्यांनी हिंडत हिंडत बघायचं. एकावर मेंदी, एकावर कागदाची फुलं, एकावर विज्ञानाचे प्रयोग. चौथं अजून रिकामं होतं आणि त्यासाठीची निवड शनिवारी होती. ते चौथं टेबल मला हवं होतं. इतकं, की ते मी कुणाजवळ बोललेही नव्हते.

जादू मी एका पातळशा पुस्तकातून शिकले. वज्रेश्वरीच्या जत्रेत बांगड्यांच्या दुकानाशेजारी ते मिळालं होतं. युक्ती सोपी होती. पत्त्यांच्या कॅटमधल्या सगळ्यात वरच्या पत्त्याच्या, समजा किलवरच्या दुर्रीच्या, पाठीवर मेणाचा बारीक ठिपका लावायचा. समोरच्याने कुठलाही पत्ता ओढून बघायचा आणि उपडा करून वर ठेवायचा. मग मी कॅट दाबायचा, मधून कापायचा, की ते दोन पत्ते चिकटून एक व्हायचे. पुढून बघितलं तर दिसायची किलवरची दुर्री. निवडलेला पत्ता तिच्या पाठीला तोंड लपवून बसलेला. सगळे पत्ते एकेक करून दाखवले तरी तो सापडायचा नाही.

पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटीच होते. हातातला कॅट बघून मला इतकं हसू यायला लागलं की मी तोंडात ओढणी कोंबली.

आईला दाखवलं. ती म्हणाली, "अगं बाय! गेला की!" आणि भाकरी थापायला लागली. शेजारच्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. काकू माझ्या अक्षरालाही टाळ्या वाजवायच्या. दोघींनी वाहवा केली आणि माझी धाकधूक वाढली. जादू खरंच चांगली आहे की त्यांना मी आवडते, हे कसं कळणार?

खरं सांगणारा माणूस घरात एकच होता, आणि त्यालाच पत्ते चालत नव्हते. बाबा कापड तपासायचे. नारपोलीत आमची खोली लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यामागेच होती. तिथल्या फोल्डिंगच्या टेबलावरून दिवसभर तागे त्यांच्या हाताखालून सरकायचे. दोष सापडला की ते किनारीला लाल दोऱ्याची गाठ मारायचे. ते दोरे त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असत. पत्त्यांबद्दल त्यांचं ठाम मत होतं, "पत्ते धरलेल्या हाताला दुसरं काम सुचत न्हाय." म्हणून माझा कॅट तांदळाच्या डब्यात राहायचा.

गुरुवारी दुपारी लोडशेडिंग झालं. लूम थांबले आणि गल्लीत एकदम शांतता झाली. अशा वेळी कारागीर ओट्यावर पत्ते मांडत आणि बाबा घरी येऊन आडवे होत. त्या दिवशी ते आडवे व्हायच्या आतच मी डब्यातून कॅट काढला. हाताला तांदळाचं पीठ लागलं होतं.

"ह्ये काय हाय?"

"बाबा, कॉलेजचं आहे. टेबलासाठी. तुम्ही फक्त तपासा. पास की फेल, तेवढंच सांगा."

'तपासा' म्हटल्यावर ते उठून बसले. माझ्याकडे बघितलं, मग कॅटकडे. "कर," म्हणाले.

त्यांनी पत्ता ओढला, बघितला आणि वर ठेवला. मी कॅट दाबला, कापला. जमलं. "आता शोधा तुमचा पत्ता," असं म्हणून मी कॅट त्यांच्या हातात दिला.

बाबांनी पत्ते बघितलेच नाहीत. डोळे मिटले. अंगठा आणि बोट यांच्यामधून एकेक पत्ता सरकवायला लागले, ताग्याची किनार सरकवावी तसा. दहा गेले. वीस गेले. पंचविसाव्या-सव्विसाव्या पत्त्यावर हात थांबला.

"डबल तार," ते म्हणाले.

कापडात दोन धागे एकाच जागी विणले गेले तर त्या दोषाला डबल तार म्हणतात. बाबांनी डोळे उघडले, पत्ता नखाने हळूच उकलला, आणि दुर्रीच्या पाठीमागून बदामाची सत्ती बाहेर आली. त्यांनी खिशातून लाल दोरा काढून सत्तीवर ठेवला.

माझं तोंड उतरलं असणार. पण खरं सांगते, छातीत कसली तरी उडी पण पडली होती. पहिल्यांदा कुणीतरी माझी जादू मनावर घेतली होती.

"फेल?"

"फेल. नवा कॅट हाय. गुळगुळीत कापडात एवढीशी गाठ पण बोटाला लागते." त्यांनी अंथरलेली सतरंजी चिमटीत चोळली. "जाड्याभरड्यात न्हाय लागत."

मग ते उठले, माझा नवा कोरा कॅट उचलला आणि चपला घालून बाहेर पडले. मी मागे धावले. ओट्यावर तीन कारागीर रमी खेळत होते. बाबांना बघून एकाने पत्ते मांडीखाली सारले.

"छुपाओ मत," बाबा म्हणाले. "ये नया लेलो. पुराना दो."

"चेकर साब, ये कैसा उल्टा सौदा? हमारा तो सड़ा हुआ है!"

"सड़ा हुआ ही मंगता है."

"बिटिया को जुआ सिखा रहे हो?" दुसरा हसला.

"वो मेरे को सिखा रही है," बाबा म्हणाले. मला कुठे बघावं कळेना.

तो जुना कॅट हातात घेतला तर पावभर जड लागला. तेलाच्या बोटांनी आणि घामाने पत्ते फुगले होते, एकाची जाडी दुसऱ्याला नाही. चौकटची नव्वी हरवली होती. तिच्या जागी सूत गुंडाळायच्या कोनाचा पुठ्ठा कापून त्यावर पेनाने नऊ चौकटी काढल्या होत्या. ती काढून टाकायला गेले तर बाबांनी हात धरला.

"राहू दे. तीच कामाची हाय."

"पण ती लगेच हाताला लागते!"

"लागू दे की." मग इकडेतिकडे बघून, जणू कारखान्याचा शेठ ऐकतोय अशा आवाजात म्हणाले, "एक मोठा दोष सापडला ना बाय, की चेकरचा हात ढिला पडतो. वाटतं, पकडला. त्याच्या पुढचा बारीक दोष निसटतो. माझे निसटलेत."

बाबांकडून काही निसटतं, हे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी आम्ही तालीम केली. कॅट कापताना पुठ्ठ्याची नव्वी चिकटलेल्या जोडीच्या आधी हाताला यावी अशी ठेवायची, मेण मोहरीएवढंच लावायचं, आणि कॅट समोरच्याच्या हातात देताना घाबरायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात अवघड गेलं. "तू कॅटला चिकटून राहातेस," बाबा म्हणाले. "सोड. माल चांगला असला की हातात देता येतो."

शनिवारी निवड एका वर्गात होती; निवडायला एक सर आणि एक मॅडम होत्या. माझ्याआधी एका मुलाने टोपीतून रुमाल काढले होते आणि सगळे खूश होते. मी मळका कॅट टेबलावर ठेवला तशी मागून कुणीतरी म्हणालं, "हा कुठून आणला, गटारातून?" हशा झाला. कानशिलं तापली. पण सरांनी पत्ता ओढला होता, आता मागे फिरता येत नव्हतं.

दाबला. कापला. हात पुढे केला आणि कॅट सोडला.

"सर, तुम्हीच शोधा."

सरांनी दोनदा पत्ते भराभर उलटून बघितले. त्यांचा पत्ता दिसेना. मग त्यांना शंका आली आणि ते पत्ते बोटांनी चाचपू लागले. अंगठा, बोट, सरकव. अंगठा, बोट, सरकव. आणि ते थांबले.

"हं! हा जाड आहे! सापडली चोरी!"

त्यांनी विजयाने पत्ता वर धरला. पुठ्ठ्याची नव्वी. पेनाच्या नऊ चौकटी, त्यातली एक वाकडी. सगळा वर्ग खदखदून हसला, सरही हसले, आणि हसत हसत त्यांनी उरलेला कॅट टेबलावर ठेवून दिला.

"मग माझा पत्ता गेला कुठं?" त्यांनी विचारलं.

"तो माझा प्रश्न नाही सर, तुम्ही तपासलंत," मी म्हणाले. हे वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. मॅडमनी माझं नाव विचारलं. कॉलेजात दीड वर्ष काढल्यावर पहिल्यांदाच कुणी ते विचारत होतं. त्यांनी ते वहीत लिहिलं, चौथ्या टेबलापुढे.

मी घरी गेले नाही, थेट कारखान्यात गेले. लूम चालू होते, तिथं ओरडलं तरी ऐकू येत नाही. बाबांनी मला दारात बघितलं आणि अंगठा बोटावर घासून भुवई उडवली. सापडलं का? मी टेबलापाशी जात 'नाही' अशी मान हलवली. मग चौथ्या टेबलाची चार बोटं वर केली.

ते हसले. आवाज आलाच नाही, फक्त खांदे हलताना दिसले. हात मात्र कापडावरून पुढे सरकत राहिला, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक डबल तार त्यांच्या बोटाखालून निघून गेली. मी पुढे होऊन तिच्यावर बोट ठेवलं. बाबांनी बघितलं, कपाळाला हात लावला, आणि खिशातला लाल दोरा माझ्याच हातात दिला.